आमच्या रोपवाटिकेतलं आठ पायांचं रोप

"मेलं गं बाई, मेलं. पाय वर करून पडलंय बघ. अगं ये लवकर, तुझ्या पोरीचं ते जनावर गेलं."

आत्या ओरडत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांचा आवाज असा की एकदा त्यांनी मखमलाबादला उभं राहून मला हाक मारली, तर तिकडं गंगापूर धरणावरचे बगळे उडाले होते. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा पाहुणे निमूट मान हलवतात, कारण आत्या शेजारीच बसलेल्या असतात. त्या सकाळी तर शेडनेटमधली टोमॅटोची रोपं दचकून वीतभर वाढली. मी कलिंगडाचं बी टाकत होते. मांडीवर ट्रे, बोटांना ओलं कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, नाक थंडीनं लाल. वळून बघते तर आत्या ओसरीच्या पायरीवर. हातात झाकणाचा पारदर्शक डबा आणि एक पाऊल आधीच उकिरड्याच्या दिशेनं पडलेलं.

आत्यांना तिथंच उभं राहू दे. त्यांचा दम मोठा आहे, एवढ्यात थांबायच्या नाहीत. तोवर मी मागचं सांगून घेते.

या आठवड्यात थंडी परत आली, म्हणून हे सगळं आठवलं. आमच्या नाशिकची थंडी लाजत-बिजत नाही. काल संध्याकाळपर्यंत पंखा लागतो आणि आज सकाळी तांब्या हातात धरवत नाही. पेपरात निफाडचा पारा कुठं उतरला याची बातमी येते, आणि निफाडची माणसं चार दिवस असा चेहरा करून फिरतात, जणू पारा त्यांनीच दोरी लावून खाली ओढला. आमच्या रोपवाटिकेत थंडी आली की बाजूचे प्लास्टिकचे पडदे खाली सोडायचे आणि दोऱ्या आवळायच्या. त्या पडद्यांचा एक फडफडाट असतो, दूरवर कुणी मोठ्ठी चादर झटकावी तसा. पहाटे पडद्याच्या आतल्या अंगाला दव जमतं. तुम्ही खाली वाकलात की नेमका एक थेंब तुमची मान शोधून आत शिरतो. लोकांना थंडी म्हटलं की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला कोळी आठवतो.

साधासुधा, जाळं विणून कोपऱ्यात बसणारा कोळी नव्हे. टॅरँटुला. आमची एकुलती एक ऋतुजा तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याला मैत्रिणीकडे गेली आणि येताना बसमध्ये स्वेटरच्या आतल्या खिशात एक डबी घेऊन आली. मैत्रिणीकडेच जन्मलेलं पिल्लू, मूळ घराणं ब्राझीलचं. डबीत ओलसर टिशू आणि त्यावर एक काळपट जिरं. मी चष्मा लावला. जिऱ्याला आठ पाय फुटले होते.

मी ओरडले नाही. मी फक्त स्वयंपाकाच्या ओट्यावर चढले. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारी बाई एका उडीत ओट्यावर गेली, हे आजतागायत आमच्या घरात कुणाला पटलेलं नाही. पण ओट्यावरची पिठाची परात माझी साक्षीदार आहे.

"चावतं का गं?" मी वरूनच विचारलं.

"एवढंसं आहे मम्मी. चावलं तरी तुला कळायचं नाही."

"आणि मोठं झाल्यावर?"

"मोठं झाल्यावर मधमाशीसारखं दुखेल."

"किती मोठं होणार पण?"

ऋतुजानं आजूबाजूला बघितलं. तिचे पप्पा जेवायला बसले होते. "पप्पांच्या पंजाएवढं," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पंजाकडं बघितलं. त्यांनी हात ताटाखाली घेतला.

त्या जेवणावरच पैज लागली. ऋतुजाला पुढं एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं. तिच्या पप्पांना ते नको होतं. माणूस वाईट नाही. लेकीला शाळेत सोडायला टेम्पोतून रोपांचे ट्रे उतरवून जागा करायचे, आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, थांबा, आधी हे रोप पोहोचवून येतो. पण तीस वर्षं उभी केलेली रोपवाटिका, पुढं बघायला ही एकटी, आणि पुण्याला गेलेलं पोर माघारी येतं असं त्यांनी कुठं पाहिलेलं नव्हतं.

"बी.एस्सी. होतीये ना, लय झालं," ते म्हणाले. "किडेच बघायचेत तर इथं काय कमी हायेत? मावा हाय, तुडतुडा हाय, पांढरी माशी हाय. सकाळ-संध्याकाळ बघ."

"मारायला नाही बघायचेत पप्पा. पाळायला, अभ्यासाला."

"पाळून दाखव मग हे. द्राक्षाचा हंगाम संपेस्तोवर जगलं तर जा पुण्याला, मी स्वतः सोडायला येतो. नाय जगलं तर इथंच. गुमान ट्रे भरायचे."

ते हे एवढ्या आरामात बोलले, कारण चारपेक्षा जास्त पायांचं काहीही त्यांच्या राज्यात आठवडाभर टिकलेलं नव्हतं. त्यांच्या फवारणीच्या पंपाला घाबरून मखमलाबादच्या अळ्या म्हणे लेकी दिंडोरीला देतात. ऋतुजा म्हणाली, "चालेल." आणि त्या रात्रीपासून त्यांनी त्या पिल्लाचं नावच एम.एस्सी. ठेवलं. सकाळी चहा पिताना विचारायचे, "काय, एम.एस्सी. हाय का गेली?"

आता घर. ज्यांच्या घरी लाखानं रोपं राहतात त्यांना एका जिऱ्याएवढ्या जिवासाठी घर बांधणं ते काय अवघड, असं आम्हाला वाटलं. इथंच आमची खोड नडली. आमच्यातल्या प्रत्येकाला रोपाचं घर कसं असतं हे पाठ होतं, आणि प्रत्येकजण त्या पिल्लाला रोप समजून चालला.

सुरुवात बरी झाली. मिठाईचा पारदर्शक डबा घेतला. दाभण तापवून त्याला बाजूनं भोकं पाडली, पिल्लाचं डोकं निघणार नाही एवढी बारीक. प्लास्टिक जळल्याचा वास दोन दिवस वरणालाही येत होता. माती म्हणून मी ओंजळभर कोकोपीट आणलं तर ऋतुजानं माझं मनगट धरलं.

"नर्सरीतलं नको. त्यात औषध असतं."

"थोडंच असतं."

"मम्मी, ते औषध किडा मारायचंच असतं ना?"

मला हे आधी सुचलं नव्हतं, कारण तोवर मी ते औषध किड्याच्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. मग तिनं कोकोपीटची नवी कोरी वीट फोडली, पाण्यात फुगवली, दोनदा धुतली आणि गच्चीवर वाळवली. डब्यात चांगला जाड थर दाबला, कारण या पोरांना म्हणे उकरायला आवडतं. एका कोपऱ्यात करवंटीचा तुकडा पालथा घातला, त्याच्या खाली बोटानं छोटं बीळ सुरू करून दिलं. पाण्याला बाटलीचं झाकण. पिल्लाला मऊ कुंचल्यानं हळूच ढकलून आत सोडलं आणि आम्हा सगळ्यांना समोर उभं करून ती म्हणाली, "आता आठवडाभर कुणी काही करायचं नाही. हलवायचं नाही, उघडायचं नाही, खायला घालायचं नाही. त्याला नुसतं राहू द्यायचं."

नुसतं राहू द्यायचं. रोपवाटिकेतल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मारुतीला शेपूट हलवू नको म्हणण्यासारखं. आमच्या सगळ्यांच्या हातात चोवीस तास पाण्याची नळी असते. सकाळी फवारा, दुपारी ऊन चढलं की फवारा, संध्याकाळी हात लावून ओल बघायची. माझ्या नवऱ्याला झोपेतही ओल तपासायची सवय आहे, उशी जरा गार लागली तरी उठून बसतात.

दोन-तीन दिवसांत पिल्लू डब्याच्या भिंतीला चढलं. वर, झाकणापाशी जाऊन बसलं आणि खाली उतरेना. आठही पाय आखडून, प्लास्टिकला चिकटून, पूर आल्यावर माणसं छतावर बसतात तसं. आठवडा सरल्यावर ऋतुजानं सोडलेली अळी खाली मातीवर फिरून फिरून म्हातारी झाली. तिच्या पप्पांनी चहा पिता पिता डब्यात डोकावलं.

"एम.एस्सी. वर का चढलीये?"

"माहीत नाही."

"पळून चाललीय, दुसरं काय." बोलताना ते हसत होते, पण डबा उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी बघूनही घेतलं त्यांनी.

ऋतुजा दोन दिवस नीट जेवली नाही. परीक्षेची पुस्तकं उघडी आणि डोळे डब्याकडं. तिसऱ्या दिवशी तिनं झाकण काढून मातीत बोट घातलं आणि बोट बाहेर काढलं तर त्यावरून पाणी ठिबकलं. ती डबा हातात घेऊन उठली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि एकेकाकडं बघत राहिली.

"मी फक्त सकाळचं थोडंसं मारते," मी म्हणाले.

"मी दुपारचं," आत्या म्हणाल्या. "उन्हाचं सुकत असेल म्हणून."

आमच्याकडं कामाला येणाऱ्या सुमनबाई दारातूनच म्हणाल्या, "जाताना एक फवारा मी मारते बाई. मला वाटलं घरातलं कुणी विसरलं असंल."

मग आम्ही तिघींनी मिळून ऋतुजाच्या पप्पांकडं बघितलं. ते पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला.

"पप्पा?"

"कोरडं वाटत होतं," पेपरामागून आवाज आला.

पैज हरावी म्हणून त्यांनी पाणी घातलं असेल का? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पण तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कोरडं रोप बघून पुढं जाताना पाहिलेलं नाही. लग्नाच्या दिवशी मांडवात हळदीचा हात घेऊन त्यांनी दाराशी ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीत आधी बोट खुपसलं होतं. माझ्या भावानं ते बघितलं आणि माझ्या कानात म्हणाला, "ताई, तुला पाणी कमी पडायचं नाही."

पाणी कमी पडलं नाहीच. मी कळवणची. घरात तिकडची बोली, आई अजून फोनवर "काय करी ऱ्हायनी?" म्हणून सुरुवात करते. इथं आले तेव्हा सगळ्यांनी मला रुजवायचं म्हणून इतकं काही केलं की विचारू नका. दर तासाला कुणीतरी विचारायचं, काय हवं, काय नको, जेवलीस का, झोपलीस का, माहेरची आठवण येते का. आत्या रात्री उठून माझ्या अंगावर दुसरी गोधडी घालायच्या, भर मे महिन्यात. मी पहिलं वर्षभर गच्चीवर जाऊन बसायचे. लोकांना वाटायचं, सुनेला इथं करमत नाही. करमत होतं. मला फक्त थोडा वेळ कुणी विचारू नये असं वाटत होतं. झाकणाला चिकटलेलं ते पिल्लू बघितलं तेव्हा मी मनात म्हटलं, बये, मला माहीत आहे तू तिथं का बसलीस.

ऋतुजानं माती बदलली. कोरडी घातली, फक्त एका कोपऱ्यात चमचाभर पाणी. घरातल्या सगळ्या फवाऱ्याच्या बाटल्या गोळा करून माळ्यावर टाकल्या. सुमनबाईंचीसुद्धा. आणि मग आम्ही काहीच केलं नाही. हे आमच्या घरातलं आजवरचं सगळ्यात अवघड काम. एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून आम्ही डब्याशेजारून जायचो. आत्या तर जाताना हात पदरात बांधून घ्यायच्या.

पिल्लू खाली उतरलं. कधी उतरलं ते कुणी बघितलं नाही. सकाळी करवंटीखाली होतं. मग ते कामाला लागलं. तोंडाशी मातीचा एकेक कण धरायचं, बाहेर आणून ठेवायचं, परत आत. त्या मातीला रेशमाचा धागा लावून गोळी करायचं. बिळाच्या तोंडाशी पांढरी, पातळ जाळी अंथरली, उंबऱ्यावर पायपुसणं टाकावं तशी. आत्या म्हणाल्या, "घरंदाज दिसते." मी अळी सोडली की आधी काहीच व्हायचं नाही, मग डोळ्याची पापणी लवायच्या आत अळी नसायची. अळ्या आम्ही जुन्या कोंड्यात वाढवायला ठेवल्या होत्या. माझ्या आयुष्यात किडलेलं पीठ मी पहिल्यांदाच जपून ठेवलं, वर स्वच्छ फडकं बांधून. आत्यांच्या एका मैत्रिणीनं तो डबा उघडून बघितला आणि घरी जाऊन सांगितलं की यांची सून आता हाताबाहेर गेली.

थंडी वाढली तसं एम.एस्सी. सुस्तावली. उगवणीच्या खोलीत, जिथं आम्ही बी टाकलेले ट्रे एकावर एक रचून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उबेला ठेवतो, तिथल्या टेबलावर डबा कुणीतरी नेऊन ठेवला. कुणी ते मी विचारलं नाही. त्या खोलीत एक पिवळा दिवा दिवसरात्र असतो, आणि आत गेलं की फुगलेल्या बियांचा गोडसर, उकडल्यासारखा वास येतो. कलिंगडाचं बी तिथं अंकुर धरतं. एम.एस्सी. पण तिथं बरी होती. पण खाईना. पोट काळं, तुकतुकीत, ताणलेलं. बिळाचं तोंड मातीनं बंद करून बसली, मग काही दिवसांनी उघडून बाहेर आली आणि नुसती बसून राहिली.

एका रात्री जेवताना ऋतुजा त्याबद्दल काहीतरी सांगत होती. कात, वाढ, घाबरायचं नाही, असं काहीसं. मी त्या वेळी आत्यांची भाकरी फिरवत होते, आत्या टीव्हीवर कुणाचं लग्न मोडलं ते बघत होत्या, आणि तिचे पप्पा खाली मान घालून जेवत होते. पोरगी सांगते आहे आणि कुणी ऐकत नाही, असा आमच्या घरातला रोजचा प्रसंग.

आणि मग ती सकाळ. ऋतुजाची कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा, ती भल्या सकाळी निघून गेलेली, फोन बंद. आत्या उगवणीच्या खोलीत ट्रे मोजायला गेल्या आणि त्यांनी बघितलं की एम.एस्सी. करवंटीच्या बाहेर, जाळीच्या अंथरुणावर, पाठीवर पडलेली. आठही पाय वर, थोडे आखडलेले. हालचाल नाही.

आमच्याकडं एक नियम आहे. मेलेलं रोप ट्रेमध्ये ठेवायचं नाही. दिसलं की उपटायचं आणि उकिरड्यावर टाकायचं, नाहीतर मर लागते आणि सगळा ट्रे जातो. आत्यांनी हा नियम तीस वर्षं पाळला आहे, चहाचा कप हातातून न सोडता. त्यामुळं त्या थांबल्या नाहीत. डबा उचलला, ओसरीवर आल्या आणि मला हाक मारली, ती मी तुम्हाला सुरुवातीला सांगितली.

मी ट्रे बाजूला ठेवून उठले. खरं सांगते, मला वाईट वाटलं. कोळ्याबद्दल नाही, कोळ्याचा मला तेव्हाही तसा काही लळा नव्हता. मला ऋतुजा दिसली, परीक्षेहून परत येऊन डब्याकडं बघणारी. आणि पुढच्या सोमवारी शेडमध्ये ट्रे भरताना दिसली. तिनं पैज मान्य केली होती, ती मोडणाऱ्यांतली नव्हती.

आत्यांनी झाकण काढलं. डबा कलता केला.

"आई, ठेव ते."

ऋतुजाचे पप्पा पाण्याच्या टाकीपाशी होते. ते धावत आले. हा माणूस धावत नाही. गारपीट झाली तेव्हा चालत गेला होता. त्या दिवशी मात्र ते टाकीपासून ओसरीपर्यंत असे आले की पायातली एक चप्पल टाकीपाशी, एक कलिंगडाच्या ट्रेमध्ये, आणि वाटेत सुमनबाईंच्या डोक्यावरची टोपली अजून गोल फिरते आहे.

"मेलंय रे ते," आत्या म्हणाल्या.

"मेलं नाय. कात टाकतंय. उताणंच पडतं ते. मेलं की पाय खाली मुडपून बसतं." त्यांनी आत्यांच्या हातातून दोन्ही हातांनी डबा घेतला, अंगारा घेतात तसा, आणि पावलं मोजल्यासारखं चालत खोलीत नेऊन टेबलावर ठेवला. "कुणी हात लावायचा नाय. पंप बंद करा."

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"सांगत होती ना जेवताना."

मग ते उलट्या कॅरेटवर दारात बसले ते उठेनात. पंप बंद. मिक्सर बंद. आत्यांचा टीव्ही बंद, जो वीज गेली तरी चालू असतो असं मला वाटायचं. मी ऋतुजाच्या कॉलेजला निरोप पाठवू का म्हणाले तर हे म्हणाले, "पेपर हाय तिचा. राहू दे." घोटीकडचे एक शेतकरी मिरचीची रोपं न्यायला टेम्पो घेऊन आले. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, तर हे दोन्ही हात हलवत उठले.

"काय झालं? कुणी आजारी हाय का?" शेतकऱ्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"बाळंतीण हाय आत," हे म्हणाले.

त्या बिचाऱ्यांनी चपला काढल्या आणि ओसरीवर मांडी घालून बसले. तासभर बसले. मिरची विसरले. शेवटी आत काय चाललंय ते त्यांना दाखवलं, तेव्हा ते पण कॅरेट ओढून शेजारी बसले आणि माझ्याकडं चहा मागितला.

मी पण बघितलं. मी पाच बाळंतपणं जवळून बघितली आहेत, शेतातली एक धरून. पण असं शांत काही बघितलं नव्हतं. आधी छातीवरचं टोपण उचकटलं, डबीचं झाकण सैल व्हावं तसं. मग बराच वेळ काही नाही. मग एक झटका, परत काही नाही. ओल्या स्वेटरच्या बाहीतून हात ओढून काढावा तसा एकेक पाय आतून निघत होता, दुधासारखा पिवळट पांढरा, मऊ, अजून पाय झालेला नाही असा. जुने पाय जागेवरच, रिकामे. हे श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेत होते. आत्या मागं उभ्या होत्या. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा काही न बोलता मिटलं, आणि हे मी शपथेवर सांगते, कारण त्याआधी आणि त्यानंतर तसं घडलेलं नाही.

दुपारी एम.एस्सी. कुशीवर झाली. शेजारी तिचा जुना अंगरखा पडला होता, आठ बाह्यांसकट. ती पहिल्यापेक्षा सरळ दीडपट दिसत होती.

"पोरगा का पोरगी?" घोटीच्या शेतकऱ्यांनी विचारलं.

"कात बघून कळतं म्हणे," हे म्हणाले. "पण अजून लहान हाय. पुढच्या खेपेला."

संध्याकाळी ऋतुजा आली. बॅग खांद्यावरून न काढता खोलीत गेली, वाकून बघितलं, मग आमच्याकडं वळली. "कुणी हलवलं?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दिव्याकडं बघितलं.

"थोडं हललं," तिचे पप्पा म्हणाले. "पण बरं हाय." आणि पंप लावायला निघून गेले.

त्या वर्षी द्राक्षं उशिरापर्यंत चालली. शेवटच्या बागा खुडून झाल्या, पुढच्या छाटणीच्या काड्या बांधावर पडल्या, आणि एम.एस्सी. करवंटीखाली बसून होती. जूनमध्ये हे टेम्पोनं ऋतुजाला पुण्याला सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी टेम्पो रिकामा आला आणि त्यांनी धुतला, जो ते कधी धूत नाहीत.

आता तिचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढं काय करणार माहीत नाही. विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. एम.एस्सी. इथंच आहे, उगवणीच्या खोलीत, मोठ्या काचेच्या पेटीत. पंजाएवढी झाली आहे, म्हणजे माझ्या पंजाएवढी. ऋतुजाच्या पप्पांच्या पंजाला अजून वेळ आहे. गिऱ्हाइकांना मी ती ताटाएवढी सांगते. कात टाकायची वेळ आली की पंप बंद होतो. ती आम्हाला ओळखत नाही. ऋतुजा म्हणते, कधीच ओळखणार नाही, तिला तसलं काही नसतं. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटलं. आता वाटतं, घरात एकजण तरी असा असावा ज्याला आपण काय करतो, कुणासाठी करतो याच्याशी देणंघेणं नाही. तिला कोरडी जागा हवी, एक ओला कोपरा हवा आणि करवंटीखालचा अंधार. मिळालं की ती तिथं असते. ती रुजली असं म्हणावं का, मला माहीत नाही. वरून बघून तर रोपाचंही कळत नाही. हलक्या हातानं ओढून बघावं लागतं, आणि ओढून बघितलं की जे रुजलं होतं तेही थोडं सुटतं.

आज पडदे सोडताना दोरीचं दुसरं टोक ह्यांच्या हातात होतं. कात टाकली त्या संध्याकाळीही असंच होतं. ऋतुजा आत भिंगातून कात बघत होती, आत्यांनी टीव्ही लावला होता, आणि आम्ही दोघं बाहेर दोऱ्या आवळत होतो. मला राहवलं नाही.

"अहो, एक विचारू? आत्यांनी डबा उलटा केला असता तर पोरगी इथंच राहिली असती. तुम्हाला काही करायचंही नव्हतं. नुसतं टाकीपाशी उभं राहायचं होतं. कुणी तुम्हाला नाव ठेवलं नसतं. मग कशाला धावलात?"

ह्यांनी गाठ मारली. ती ओढून बघितली. मग दुसऱ्या खुंटीकडं गेले.

"मेलं नव्हतं," ते म्हणाले. "मेलं असतं तर टाकलं असतं."